सरकत्या डोक्याचा दिवा : मिलानमधल्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

ठरलं ते असं. वाचायच्या टेबलासाठी एक दिवा करायचा. उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, पितळी दांडा, लोखंडी बैठक, ॲल्युमिनियमची लहान शेड. शेड दांड्यावर वरखाली सरकली पाहिजे, दांड्याभोवती फिरलीही पाहिजे. बल्ब साधा, दुकानात मिळणारा, घरच्या घरी बदलता येणारा. ऑफिसात दिवसभर पंपांची ड्रॉइंग बघतो, त्यामुळे शनिवार-रविवारी हाताला काहीतरी हवं होतं.

जुन्या एखाद्या दिव्याची नक्कल करायची नाही, हेही ठरलं. पण मिलानमध्ये राहून टेबल लॅम्प करायचा म्हटलं की युद्धानंतरची पंचवीस-तीस वर्षं डोळ्यांसमोर येतातच. तेव्हा आधी बघून घेऊ, मग हत्यारं काढू.

१८ जानेवारी

आठवडाभर जिनो सारफात्ती. माणूस १९१२ चा, व्हेनिसचा. जेनोव्हाला विमान अभियांत्रिकी शिकत होता, वडिलांचा धंदा बुडाला म्हणून शिक्षण अर्धवट टाकून मिलानला आला. १९३९ मध्ये आर्तेलुचे ही दिव्यांची कंपनी काढली. पुढच्या तीन दशकांत सहाशेच्या वर दिवे केले आणि एकालाही नाव दिलं नाही. नुसते आकडे. टेबलावरचे पाचशे-सहाशेच्या घरात, जमिनीवर उभे राहणारे हजारात, झुंबरं दोन हजारात. स्टोअरकीपरला आवडेल अशी पद्धत. मलाही आवडते. दिव्याला कवितेचं नाव दिलं की त्याच्याविषयी कवितेसारखंच बोललं जातं, आणि बैठकीचं वजन किती हे विचारायचं राहून जातं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो मॉडेल ६०० मध्ये (१९६६). टेबलावरचा छोटा दिवा. त्याची बैठक म्हणजे शिशाचे छर्रे भरलेली चामड्याची पिशवी. ठेवाल तशी बसते, कलवाल तशी कलते आणि तिथेच थांबते. बिजागरी नाही, स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. दिव्याचं तोंड वळवायला जो सांधा लागतो, तो सांधाच त्याने बैठकीत घालून टाकला. वजन तर तळाला हवंच होतं. त्याच वजनाकडून दुसरं कामही करून घेतलं.

हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: वजन कुठे आहे, आणि ते आणखी काय काम करतंय?

२६ जानेवारी, रविवार

नावील्यो ग्रांदेच्या काठावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. थंडी मरणाची. पितळी दांड्याचे, काळ्या-पांढऱ्या शेडचे दिवे हवे तेवढे. बहुतेकांवर चिठ्ठी: 'स्टिलनोव्होच्या धर्तीवर' (हीही त्या काळची दिव्यांची कंपनी), 'आर्तेलुचे असावा'. असावा म्हणायला पैसे पडत नाहीत, ऐकणाऱ्याला मात्र पडतात.

किमतींपेक्षा पोटातलं बघायला मजा आली. विक्रेत्याला विचारून दोन-तीन दिवे उलटे केले. होल्डरला धरणारी आटे पाडलेली नळी १० मिमीची, एक मिमी पिचची (दोन आट्यांमधलं अंतर). आजही इथल्या हार्डवेअरच्या दुकानात तीच मिळते. म्हणजे १९५५ च्या दिव्यात २०२५ चा होल्डर सरळ बसतो. चांगल्या दिव्यांमध्ये पितळ भरीव होतं. बाकीच्यांत मुलामा, तो कडेला उडालेला आणि खाली लोखंड डोकावणारं. एका दिव्याच्या शेडला आतून बल्बच्या वर काळा डाग होता. साठ वॅटच्या बल्बची आठवण. त्या काळच्या शेडांना मानेजवळ भोकं का असतात ते तो डाग बघितला की कळतं.

१ फेब्रुवारी

हिशेब. शेड, होल्डर, बल्ब आणि शेडला दांड्याशी जोडणारी आडवी नळी मिळून २२० ग्रॅम धरले. आडव्या नळीसकट डोक्याची पोच दांड्यापासून १८० मिमी. बैठक १४० मिमी व्यासाची पोलादी चकती. दांडा मधोमध न लावता ४५ मिमी मागे सरकवायचा, म्हणजे शेड पुढे आली तरी बैठकीपासून फार बाहेर जात नाही, आणि पुढे पेन-रबर ठेवायला जागाही राहते.

खरी परीक्षा शेड उलटी मागे फिरवली की. तेव्हा ती बैठकीच्या कडेपासून १५५ मिमी बाहेर लटकते. १२ मिमी जाडीची चकती सुमारे दीड किलो भरते आणि तेवढ्यातही उलटण्याविरुद्ध तिपटीने राखीव उरतं. मनात २० मिमी होती. आता १६ वर थांबलो: १.९ किलो. हिशेबाला १२ पुरली असती. पण शेड सरकवताना दिवा हाताबरोबर ओढला जाऊ नये, आणि दोन किलोच्या आसपासची वस्तू टेबलावर ठेवली की ती ठेवल्यासारखी वाटते. इथे घरगुती दिव्यांच्या मानकात ६ अंशांच्या उतारावर दिवा उलटता कामा नये असं आहे. ते आरामात होईल.

८ फेब्रुवारी

पियाझ्झा कास्तेल्लो २७, आकिल्ले कास्तील्योनींचा स्टुडिओ. आगाऊ नोंदवून गेलो. हे तिघे भाऊ, तिघेही डिझायनर: लिव्हियो, पिएर जाकोमो, आकिल्ले. खणच्या खण भरून साध्या, निनावी वस्तू जमवल्यात: कात्र्या, चष्मे, खेळणी, हत्यारं. डिझायनरचं नाव नसलेल्या वस्तूंचा एवढा मान राखणारा डिझायनर दुसरा पाहिला नाही.

मी मुख्यतः तोइयो (१९६२) बघायला गेलो होतो. जमिनीवरचा दिवा, वर मोटारीचा हेडलाइट, तळाला ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर लागणारच होता आणि तो जड असतो, म्हणून तोच बैठक. सारफात्तीचं छर्ऱ्यांचं गणित इथे वेगळ्या मार्गाने. आणि वायर? ती लपवलेलीच नाही. गळाच्या काठीला दोरीसाठी कड्या असतात ना, तशा कड्यांतून दांड्याच्या बाजूने उघडी वर जाते.

ते बघून माझ्या ड्रॉइंगमधली एक मोठी कटकट सुटली. सरकत्या शेडची वायर दांड्याच्या आतून न्यायची म्हणजे दांड्याला लांब खाच, खाचेला झाकण, आत वायर घासणार. मी दोन आठवडे त्यातच अडकलो होतो. वायर बाहेरून नेली की दांडा पोकळ असायची गरजच नाही. १० मिमीचा भरीव पितळी बार. नळीपेक्षा ताठ, वजन सुमारे ३०० ग्रॅम, आणि तेही तळाशी उपयोगाचं. बैठकीला वायरचं भोकसुद्धा नको.

परत येताना ट्राममध्येच जुनं ड्रॉइंग खोडलं.

१५ फेब्रुवारी

लेथवर बैठक. पोलादाचा तुकडा कापून आणला होता. दोन्ही बाजूंनी फेसिंग, म्हणजे तोंडं सपाट केली, वरच्या कडेला ३ मिमीची गोलाई. खालून बोल्टचं डोकं आत बसेल एवढी खाच. दांड्याच्या टोकाला एम६ चे (६ मिमी बोल्टचे) आटे पाडले, खालून बोल्टने आवळला. गुण्यात उभा राहिला.

वर्कशॉप सार्वजनिक आहे, तासावर भाडं. आज रांग होती, म्हणून एवढंच.

२२ फेब्रुवारी

शेड दांड्यावर धरून ठेवणारा सरकता ठोकळा. २२ मिमी जाडीच्या पितळी गोल बारचा, ३० मिमी उंच, मधून दांड्याचं भोक, बाजूला आडव्या नळीचं. मागे नर्लिंग केलेला, म्हणजे पकडीसाठी डोक्यावर खरबरीत रेघा पाडलेला स्क्रू: सैल करा, सरकवा, आवळा. हा स्क्रू मला फार देखणा वाटत होता. बारीक नर्लिंग, गोल डोकं.

रात्री कोल्हापूरला काकांना फोटो पाठवला. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. त्यांच्याकडे सकाळ झाल्या झाल्या फोन आला.

"आरं, इस्क्रू कशाला घालालायस?"

"काका, नाहीतर खाली घसरेल ना शेड."

"कशी घसरंल? वजन एका अंगाला हाय न्हवं? वाकडं होऊन अडकतंय की ते. सुताराच्या शिकंज्याचा जबडा कसा बसतोय? त्याला इस्क्रूनं धरलेलं असतंय व्हय दांड्यावर? इस्क्रू काढ आणि सोडून बघ."

"आणि सरकवायचं असेल तेव्हा?"

"बोटानं उचलायचं की जरा. तुमच्या तिकडं बोटं न्हाईत?"

स्क्रू काढला. सोडला. हलला नाही.

मग कागदावर मांडून बघितलं. ठोकळ्याच्या भोकाची लांबी ३० मिमी. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर लांबीला त्याच्या दुपटीने भागायचं: ७५ मिमी. लटकणारं वजन दांड्यापासून याहून लांब असलं की ठोकळा आपोआप अडकतो. माझ्या वजनाचा मध्य १६५ मिमीच्या आसपास येतो. गंमत अशी की वजन किती, याला यात काही स्थान नाही. शेड जड केली तर ती तेवढीच जोरात अडकते. सूत्र कॉलेजात शिकलो होतो. ते उद्यमनगरातून परत यावं लागलं.

आता शेडखाली एक बोट घालून किंचित उचललं की ठोकळा मोकळा होतो, हवा तिथे नेऊन सोडला की बसतो. एका हाताचं काम. देखणा स्क्रू डब्यात.

१ मार्च

पितळावर पितळ घासून दांड्यावर बारीक आडव्या रेघा पडायला लागल्या, कारण ठोकळा फक्त दोन कडांवर टेकतो आणि सगळा दाब तिथेच येतो. भोक मोठं करून आत डेल्रिनचा (एक टणक प्लास्टिक) बुश बसवला, कडा हलक्या गोल केल्या. रेघा थांबल्या, आवाजही गेला. आधी सरकताना किरकिर यायची, आता नुसता मऊ प्रतिकार.

स्वतःसाठी सूचना: दांड्याला तेल कधीही लावायचं नाही. पॉलिश केल्यावरही स्पिरिटने पुसायचा. या दिव्यात घर्षण हाच भाग आहे, फक्त त्याला पार्ट नंबर नाही.

८ मार्च

ब्रियान्झात, मिलानच्या उत्तरेला. इथल्या फर्निचर आणि धातूकामाच्या छोट्या कारखान्यांवर इटालियन डिझाइनची निम्मी इमारत उभी आहे, पण पुस्तकांत फोटो येतात ते डिझायनरांचे. स्पिनिंग, म्हणजे लेथवर फिरता पत्रा फर्म्यावर दाबून त्याला आकार देणारे गृहस्थ सत्तरीचे. सहकाऱ्याच्या ओळखीने भेटले. मला ते 'इंजिनिएरे' म्हणतात, मी त्यांना 'सिन्योर'.

माझ्या ड्रॉइंगवरून त्यांनी आधीच बीच लाकडाचा फर्मा काढून ठेवला होता. चकती १.२ मिमी जाड, २०० मिमी व्यासाची. ती फर्म्याच्या तोंडाशी दाबून लेथ सुरू केलं आणि लांब दांड्याचं रोलर काखेत धरून सगळं अंग त्यावर टाकलं. हाताने नाही, कमरेने काम करत होते. पत्रा आधी थरथरला, कडेला लाटा उठल्या, मग हळूहळू फर्म्यावर निजला.

मध्येच थांबून पत्रा उतरवला. दाबून दाबून तो कडक झाला होता. त्यावर कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि खालून बर्नरची ज्योत फिरवली. साबणाची रेघ तपकिरी झाली, मग काळी. काळी होताच ज्योत बाजूला. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, एकदम ओघळतं. साबण हाच त्यांचा थर्मामीटर. पत्रा पुन्हा मऊ, पुन्हा लेथवर.

शेवटी कड आतल्या बाजूला वळवली. ती दिसायला नाही, ताठपणासाठी. त्या वळवलेल्या कडेशिवाय शेड बोटाने दाबली तरी चेपली असती.

"तळ सपाट का नाही ठेवला?" मी विचारलं, कारण ड्रॉइंगमध्ये सपाट होता.

"सपाट पत्रा ढोलासारखा वाजतो, इंजिनिएरे. थोडा फुगवटा दिलाय. नको असेल तर दुसरी करतो."

ठेवला. तो फुगवटा आता शेडचा सगळ्यांत चांगला भाग आहे.

१५ मार्च

रंग. आतून मॅट पांढरा. चकचकीत केला तर बल्बचं प्रतिबिंब कागदावर डागासारखं पडतं. बाहेरून गडद हिरवा द्यायचा की काळा, यावर घरात मतभेद. हिरवा झाला.

२२ मार्च

वायरिंग. कापडी विणीची तीन तारांची केबल. शेड धातूची आहे, हात सतत तिलाच लागणार, म्हणून अर्थिंग शेडला. (काकांचा पहिला प्रश्न तोच होता, स्क्रूच्याही आधी.) केबल ठोकळ्याच्या मागून बाहेर पडते, सैल वळसा घेते आणि दांड्याच्या तळाशी एका पितळी कडीतून मागे जाते. वळसा पुरेसा सैल नसेल तर केबलच शेड उचलते आणि ठोकळा मोकळा होतो, म्हणून लांबी शेड सगळ्यांत वर नेऊन मोजली. शेड गोल गोल फिरत राहून केबल पिळू नये म्हणून ठोकळा थांबवणारी वेगळी खुंटी बैठकीत घेतली नाही, ते काम कडीच करते: केबल ताणली की शेड फिरवणारा हात आपणच थांबतो.

बटण केबलवरच. इथे प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात ते मिळतं, काळं किंवा पांढरं, चार पैशांचं. १९६८ मध्ये व्हीएलएम कंपनीसाठी आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तील्योनींनी केलेलं. त्याच वर्षी पिएर जाकोमो गेले. लाखो घरांत ते आहे आणि विकत घेणाऱ्याला नाव माहीत नसतं. अंधारात केबलवरून अंगठा नेला की बोटाला ते सापडतं आणि कुठे दाबायचं तेही कळतं. दुकानदाराला मी कास्तील्योनींचं नाव सांगितलं तर म्हणाला, "तीन तारांचं हवं का दोन?"

बल्ब ई१४ (बारीक आट्यांच्या बुडाचा), एलईडी, ४७० ल्युमेन, २७०० केल्विन. जुन्या चाळीस वॅटएवढा.

३० मार्च, रविवार

पाडवा. घड्याळं आजच तासभर पुढे. काम बंद, श्रीखंड.

१० एप्रिल

मिलानजवळच्या रो इथल्या फर्निचरच्या प्रदर्शनात यंदा युरोलुचेचं वर्ष, म्हणजे दिव्यांचे हॉल. ऑफिसातून अर्धा दिवस काढून गेलो. अर्ध्याहून जास्त दिव्यांत बल्ब असा नाहीच. आत एलईडीची प्लेट, ती गेली की दिवा गेला. डिझायनर मॅगिस्त्रेत्तींची एक्लिसे ही टेबलावरची छोटी बत्ती अजून विकली जाते: कंपनी आर्तेमिदे, १९६७ चा कोम्पासो दोरो हा इटलीचा डिझाइन पुरस्कार, उंची १८ सेंटिमीटर. चोरकंदिलासारखी. आतली अर्धी वाटी फिरवली की ग्रहण लागतं, उजेड कमी. डिमरचं काम एका पत्र्याने. जुन्या बल्बच्या काळात ती वाटी तापायची आणि बोट भाजायचं, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य आहे. पण बोट भाजलं तरी उजेड कमी कसा करायचा हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

नव्या दिव्यांना स्पर्शाची बटणं. तीनदा दाबा, धरून ठेवा, मग रंग बदलतो. विक्रेत्यालाच दोनदा चुकलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. इटलीच्या मुक्तीला आज ८० वर्षं. वर्कशॉप बंद, म्हणून क्यूटी८ मध्ये चालत फिरलो. त्रिएनाले या मिलानच्या डिझाइन-वास्तुकलेच्या प्रदर्शनातून, आठव्या, १९४७ मध्ये, पिएरो बोत्तोनीच्या पुढाकाराने उभी राहिलेली वस्ती. त्या वर्षी त्रिएनालेचा विषयच घर हा होता, कारण ऑगस्ट १९४३ च्या बाँबफेकीनंतर मिलानमध्ये घरंच उरली नव्हती. शेजारची मोंते स्तेल्ला टेकडी पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याची आहे. वर आता लोक पळायला येतात, कुत्री फिरवतात.

या घरांच्या खोल्या लहान. एकाच टेबलावर जेवण, शिवण, मुलांचा अभ्यास. छताच्या मधोमध लटकणारं झुंबर इथे कुणाच्याच कामाचं नव्हतं. उजेड हलवता आला पाहिजे ही गरज होती. आणि कारखान्यांकडे मोठे साचे घ्यायला भांडवल नव्हतं. होतं ते लेथ, नळी वाकवायचं यंत्र, पत्रा दाबणारे हात. लेथवर जे होतं ते गोल होतं. शंकू, वाटी, चकती, दांडा. पन्नाशीच्या दशकातल्या त्या दिव्यांचे आकार बघून आपण आधुनिक कलेची नावं घेतो. मला तर त्यांत आधी लेथ दिसतं. ला रिनाशेन्ते या मोठ्या दुकानाने १९५४ मध्ये कोम्पासो दोरो सुरू केलं तोवर ही मंडळी दहा वर्षं काम करून बसली होती.

२६ एप्रिल

उष्णतेची चाचणी. चार तास चालू ठेवला. एलईडी गार असते म्हणतात, पण तिचं इलेक्ट्रॉनिक्स बल्बच्या बुडाशी असतं, आणि शेड खाली तोंड करून असली की बूड वर, सगळी ऊब तिथेच साठते. होल्डरभोवती हात लावला तर चांगलाच गरम. होल्डरच्या कॉलरला चार खाचा पाडल्या, शेड आणि कॉलरमध्ये दोन मिमीची फट ठेवली. पुन्हा चार तास. आता कोमट. फटीतून वर दांड्यावर उजेडाची बारीक रेघ पडते, ती योजलेली नव्हती, राहू दिली.

उतारावरची परीक्षाही आज केली. फळीखाली पुस्तकं घालून ६ अंश, शेड सगळ्यांत वर आणि उताराच्या बाजूला. हलला नाही. १० अंशांवरही उभा. त्यापुढे फळीवरूनच घसरायला लागला, म्हणून तळाला लोकरीचा फेल्ट चिकटवायचा.

३ मे

फेल्ट चिकटवला. दांड्यावर लाख द्यायची नाही असं ठरवलं. बोटं लागतील तिथे उजळ राहील, बाकी काळवंडेल.

शेजारच्या बाईंना हवाय, त्यांच्या मुलीलाही. दोनासाठी पोलाद लेथवर खाऊन टाकणं मूर्खपणा आहे, बैठक बिडाची ओतून घ्यावी. बिडाची घनता थोडी कमी, ७.२ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वजनाला जाडी १६ ऐवजी साडेसतरा. काकांना ड्रॉइंग पाठवलं. त्यांचं उत्तर: साच्यातून सुटायला कडेला दोन अंशांचा उतार दे, वर मशिनिंगला दोन मिमी ठेव, आणि दांड्याचं भोक ओतू नको, इथंच ड्रिल करून देतो. ओतकाम जूनच्या आधी, पावसात वाळू ओली होते.